लाइट गेली, आता पैसे कुठे आहेत?

लखनौची गोष्ट म्हटली की तुम्ही कबाबांची वाट बघणार. मग एखादे नवाबसाहेब, झुंबर, "पहले आप, पहले आप". यातलं काही येणार नाही, आधीच सांगतो. आमचं कॉलेज शहराबाहेर फैजाबाद रोडला होतं. कॅन्टीनमध्ये समोसा मिळायचा आणि त्या समोशासाठी कोणी कोणाला "पहले आप" म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. गोष्ट बँकेची आहे, पण दरोडा नाही. आणि ज्यांना अशी माणसांबद्दलची लिखाणं वाचायची सवय आहे त्यांनी रुमाल परत खिशात ठेवावा, कारण यातला माणूस शेवटी मरत नाही. सर ठणठणीत आहेत. परवाच त्यांचा फोन आला होता. कशाबद्दल, ते नंतर.

तर सर. आम्हाला एमसीएला डेटाबेस शिकवायचे. बुटके, नाकात बोलणारे, होळीपर्यंत मफलर न सोडणारे. मी वाशिमच्या शाळेत असल्यापासून नकला करतो. हेडमास्तर, कंडक्टर, लग्नातला बँडवाला, जो समोर येईल तो. नक्कल करणाऱ्याला माणूस आधी पायात सापडतो, मग आवाजात. सर मला पहिल्याच दिवशी पायात सापडले. उजवा पाय टाकायचा, मग एक क्षण थांबायचं, जणू डाव्या पायाची कुठून तरी मंजुरी यायची आहे, मग डावा. आवाजाला तर मेहनतच नव्हती. नाक बंद करून "हां, तर" म्हणायचं की सर हजर.

"हां, तर" हे सरांचं सुरू व्हायचं बटण होतं. आणि ते दिवसातून फार वेळा दाबलं जायचं, कारण सरांचा एक नियम होता. कुठलंही काम एक तर पूर्ण करायचं, नाहीतर ते झालंच नाही असं धरायचं. अर्धवट चालणार नाही. जिना चढताना मध्येच कोणी नमस्कार केला, तर सर नमस्कार घ्यायचे, खाली उतरायचे आणि पहिल्या पायरीपासून परत चढायचे. विनोद सांगताना कोणी खोकलं, की विनोद पहिल्यापासून. त्यांच्या विनोदाला आम्ही श्वास धरून बसायचो. बाहेरच्याला वाटायचं, काय दर्जाचा विनोद चाललाय.

वर्गात तर मजाच. सरांचं शिकवणं रंगात आलं की कोणीतरी उशिरा दारात उगवायचं, "मे आय कम इन सर?" सर म्हणायचे, "आइए." मग खडू खाली ठेवायचे, फळा पुसायचे, परत खडू घ्यायचे. "हां, तो. डेटाबेस क्या है?" हे कळल्यावर आमच्या बॅचने उशिरा यायच्या पाळ्या लावून घेतल्या. आम्हाला पहिला धडा अजून झोपेत येतो. शेवटचा धडा आम्ही थेट प्रश्नपत्रिकेत बघितला.

मी मराठी, म्हणून रविवारी सर मला महानगर नावाच्या भागातल्या घरी जेवायला बोलवायचे. काकू औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होत्या, त्यांच्याच नोकरीमुळे सर लखनौला आलेले. मी एकदा विचारलं, "काकू, सर पहिल्यापासून असेच?"

"लग्नात सप्तपदी चालू होती," काकू थालीपीठ उलटवत म्हणाल्या. "मध्येच कोणाचं तरी बाळ रडायला लागलं, भटजी थांबले. तर यांनी मला पहिल्या पावलावर परत नेऊन उभं केलं."

"मग?"

"मग काय. बाळाला बाहेर नेलं."

आतून सर म्हणाले, "अर्धं लग्न म्हणजे काय ते मला कोणी सांगावं."

लखनौतच, सरांच्या घराजवळ कपूरथला नावाचा बाजार आहे, तिथला सब्जीवाला भैया त्यांना ओळखून होता. टमाटर निवडताना मध्ये कोणी भाव विचारला, तर सर निवडलेले सगळे टमाटर परत ढिगात टाकायचे. त्यामुळे सर दिसले की भैया बाकी गिऱ्हाइकांना हात जोडायचा, "भाई साहब, पहले अंकल जी को पूरा कर लेने दीजिए, नहीं तो शाम यहीं हो जाएगी." म्हणजे "पहले आप" एकदा आलंच. माझा शब्द मी मागे घेतो.

आता बँक. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असायचा आणि अख्ख्या वर्गाचा प्रोजेक्ट एकच, ऑनलाइन बँकिंग. लॉगिन करा, बॅलन्स बघा, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवा, झाली बँक. बाजारात तयार सीडी मिळायची. पहिल्या पानावरचं आधीच्या मालकाचं नाव खोडून आपलं टाकायचं. माझा पार्टनर म्हणता येईल असा मित्र पंकज, पक्का लखनौचा, इंदिरा नगरचा, त्याने हेच केलं होतं. मी अर्धी बँक सीडीतून घेतली आणि अर्धी स्वतः लिहिली, म्हणून मी स्वतःला प्रामाणिक समजायचो.

सरांना सीडीचं काही वाटायचं नाही. रंग, फोटो, सरकणारी अक्षरं, काही बघायचे नाहीत. त्यांची परीक्षा एकच. पैसे पाठवताना काय होतं, तर एका खात्यातून आधी वजा होतात आणि मग दुसऱ्यात जमा होतात. सर म्हणायचे, या दोन्हींच्या मध्ये प्रोग्रॅमला जरा थांबायला सांग. का? तर मला बटणापर्यंत चालत जायला वेळ पाहिजे.

मग आम्ही पैसे पाठवायचो आणि सर उठायचे. उजवा पाय, मंजुरी, डावा पाय. कोपऱ्यात लॅबचं मोठं बटण होतं. तिथे पोचल्यावर सगळ्या मशीनवरून एक नजर फिरवायचे, दरबाराकडे बघावी तशी. मग खट्. सगळं काळं. त्या काळात लखनौची लाइट स्वतःच्या मनाने एवढ्यांदा जायची की सरांनी ती वेगळी घालवणं म्हणजे जरा जास्तच कष्ट होते. पण अंधारातून आवाज यायचाच, नाकातला.

"लाइट गयी. अब पैसा कहाँ है?"

पंकज म्हणाला, "सर, रास्ते में है."

"किस रास्ते में?"

"पॉलिटेक्निक चौराहे पर होगा सर. जाम रहता है."

लाइट लावल्यावर बघितलं, तर प्रोग्रॅममधल्या खोट्या रमेशच्या खात्यातून पाचशे गेलेले आणि सुरेशच्या खात्यात काही आलेलं नाही. माझ्याही बँकेत तेच झालं. सर माझ्याकडे वळून शांतपणे मराठीत म्हणाले, "हे पाचशे रुपये आता जगात नाहीत. तू मारलेस."

हसू नका, माझं त्यात सगळं अडकलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने मला घेतलं होतं, पण प्रोजेक्ट याच खेपेला पास पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी राहायचो वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत दादाकडे. दादा एअरफोर्समध्ये. त्याने मेसमध्ये सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. वहिनीने माझ्या खोलीत खाट काढल्यावर शिलाई मशीन कुठे बसेल ते टेप लावून बघितलं होतं. नापास झालो असतो तर एक अख्खं वर्ष मी आणि ती मशीन एकमेकांसमोर बसून काढणार होतो.

पहिला उपाय म्हणून मी दादाचा यूपीएस उचलून आणला. सरांनी बटण बंद केलं, सगळी लॅब गेली, माझी मशीन चालू. मी छाती काढून बसलो. सर परत आले, वाकले, टेबलाखाली गेले आणि यूपीएसमधून वायर उपटली. खालूनच आवाज आला, "आता?"

दुसरा उपाय म्हणून पुस्तक उघडलं. पुस्तकात सरळ लिहिलेलं होतं, व्यवहार सुरू झाला म्हणून सांगा, पूर्ण झाला की पक्का करा, मध्ये बिघडला की डेटाबेस स्वतःच सगळं मागे फिरवेल. मी शब्दाला शब्द तसं केलं. सरांनी बटण बंद केलं. पाचशे परत मेले.

"सर, आता तर पुस्तकातलं केलंय!"

"हां, तर," सर माझ्या शेजारी बसले. "बँक म्हणजे काय? आमच्या गावात पोस्टमास्तर होते, त्यांच्याकडे..."

"सर, पोस्टमास्तरांकडे लाइट होती का?"

सगळे हसले. सर थांबले. "हां, तर. बँक म्हणजे काय? आमच्या गावात पोस्टमास्तर..."

दुसऱ्या दिवशी परत गेलो. परत पोस्टमास्तर आले, परत माझ्या तोंडातून काहीतरी निघालं, परत बँक म्हणजे काय. असं किती वेळा झालं विचारू नका. शेवटी त्या पोस्टमास्तरांचीही नक्कल मला यायला लागली, न बघता. पण गोष्ट त्यांच्या पुढे गेली नाही.

इकडे वर्गात एकाचाही प्रोजेक्ट सर पास करेनात. डायरेक्टर साहेबांनी त्यांना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही बाहेर होतो.

"सर, आप बहुत सीनियर हैं. मगर व्हायवा के दिन आप स्विच को हाथ नहीं लगाएँगे."

"और बिजली अपने आप गयी तो?"

"जनरेटर रहेगा."

"और जनरेटर..."

"सर. हाथ नहीं लगाएँगे."

"नहीं लगाऊँगा," सर म्हणाले. दिलेला शब्द त्यांनी अर्धा पाळला असता असं होणंच शक्य नव्हतं. व्हायवाच्या दिवशी ते लॅबच्या कोपऱ्यात दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

बाहेरून परीक्षक आले होते कानपूरचे. जाडे, दमलेले, चेहऱ्यावर पाहुण्यांच्या तिसऱ्या पंगतीला बसल्यासारखा भाव. कॉलेजच्याच एका मशीनवर मार्क टाइप करत होते. माझा नंबर यादीत वरचा. मी पैसे पाठवले, गेले, पोचले, कोणी मध्ये आलं नाही. "वेरी नाइस," परीक्षक म्हणाले आणि मार्क टाकले. झालं. पुणे झालं, वहिनीची शिलाई मशीन बसली, दादाचे पेढे वाया गेले नाहीत.

निम्मा वर्ग संपल्यावर चहा आला. सर चहाला बाहेर गेले. परीक्षक जरा सैल झाले आणि म्हणाले, "सुना है आपके यहाँ कोई साहब बत्ती गुल कर देते हैं?"

पंकज म्हणाला, "अरे सर, देखना है? ये करके दिखाएगा. अबे उठ, सर को दिखा."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण मी पास झालो होतो, लोक बघत होते, आणि मला कोणी "करके दिखा" म्हटलं की माझे पाय माझे राहत नाहीत. उठलो. मफलर नव्हता, टॉवेल होता, तो गुंडाळला. उजवा पाय, मंजुरी, डावा पाय. परीक्षक चहा सांडेपर्यंत हसले. मी कोपऱ्यात पोचलो. आता सांगा, नक्कल इथे थांबवता येते का? हात आपोआप वर गेला.

खट्.

"लाइट गयी," मी नाकातून म्हणालो. "अब पैसा कहाँ है?"

पंखे हळूहळू थांबले. जनरेटर काही लागला नाही, कारण त्याच्या मते लाइट गेलीच नव्हती. परीक्षक मार्कांच्या मशीनच्या काळ्या पडद्याकडे बघत होते.

"सर, सेव किया था?" पंकजने विचारलं.

"आधा," परीक्षक म्हणाले.

बटण लावून बघितलं. यादीतल्या वरच्या पोरांचे मार्क होते, खालच्यांचे नव्हते. माझे होते. पंकजचे नव्हते. परीक्षक घाम पुसत म्हणाले, "चलिए, जिनके उड़ गए उनका फिर से ले लेते हैं."

"नहीं साहब."

आवाज नाकातला होता, पण मी तोंड उघडलं नव्हतं. सर दारात उभे होते, हातात कप. त्यांनी किती बघितलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. म्हणजे सगळंच बघितलं होतं.

"या तो सबका, या किसी का नहीं," सर म्हणाले. "आधा इम्तिहान क्या होता है, मुझे कोई बताए."

"सर, माझे सेव्ह झालेत!" मी मराठीत ओरडलो.

"म्हणूनच," सर म्हणाले.

डायरेक्टर साहेब धावत आले. "सर, मेहमान का खाना ठंडा हो रहा है."

परीक्षक पहिल्यांदाच ताठ बसले. दिवसभरात त्यांना काहीतरी नवीन मिळालं होतं. "खाना गरम हो जाएगा. सबका दोबारा होगा. और वो बत्ती वाला सवाल, वो हम पूछेंगे. मना तो इनको किया था, हमको तो नहीं किया?"

आता काय? माझी बँक लाइट गेली की पैसे मारायची, हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत होतं. माझ्या वर यादीत तीन-चार नावं. मी व्हरांड्यात सरांना गाठलं.

"सर, सांगा."

"काय?"

"तेच. जे तुम्ही सांगत होता."

"कुठपर्यंत आलो होतो?"

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हे वाक्य आयुष्यात कोणाला म्हणेन असं मलाही वाटलं नव्हतं. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "हां, तर. बँक म्हणजे काय? आमच्या गावात पोस्टमास्तर होते..."

पोस्टमास्तरांचं नाक आलं. माझ्या घशापर्यंत एक विनोद आला, गिळला. पोस्टमास्तरांची सायकल आली, तिची घंटी नव्हती, अजून एक गिळला. आत पहिल्या पोराची बँक बुडाल्याचा आवाज आला. चहावाला आला, "सर, चाय और..." मी त्याच्या हातातून किटलीच काढून घेतली आणि त्याला डोळ्यांनीच पळवलं. पंकज आला, "अबे तेरा नंबर..." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो हाताखालून बोलत राहिला, मी दाबत राहिलो. सर थांबले नाहीत. पोस्टमास्तर मनीऑर्डर घेऊन निघाले, वाटेत ओढ्याला पूर आला, पोस्टमास्तर मागे फिरले.

"आता तू म्हणशील, मागे फिरा म्हटलं की माणूस फिरतो," सर म्हणाले. "मी जिन्यावरून खाली येतो ते तू बघतोस. पण खाली यायला जिना लागतो. जिनाच काढून घेतला असेल तर मागे फिर म्हणून काय उपयोग? तू प्रोग्रॅमला मागे फिर म्हणालास. तुझ्या टेबलाला परतीचा जिना आहे का, बघितलंस? झालं. एवढंच."

टेबल म्हणजे डेटाबेसमधला तो तक्ता, ज्यात खाती ठेवतात. त्याचे दोन प्रकार मिळायचे. एक भरभर चालणारा, पण मागचं काही लक्षात न ठेवणारा. दुसरा जरा हळू, पण मागे फिरणारा. काही न सांगता टेबल बनवलं की पहिलाच प्रकार पदरात पडायचा. आणि त्याला मागे फिर म्हटलं तर तो "नाही" म्हणायचा नाही, हो म्हणून गप्प बसायचा. मी धावत आत गेलो, एका ओळीत टेबलांचा प्रकार बदलला आणि एंटर दाबलं तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी पाचशे पाठवले. परीक्षक स्वतः उठून बटणाकडे गेले. चालण्यात काही कला नव्हती, पण खट् तोच. मग लाइट लावली, मशीन चालू होईपर्यंत सगळे उभे. कोपऱ्यात सरांचे हात मांडीखाली. मी खाती उघडली. रमेशचे जसेच्या तसे. सुरेशचे जसेच्या तसे.

"पैसा कहाँ है?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, जहाँ था वहीं है."

पास. पंकजही पास, कारण त्याने माझ्या हाताखाली तोंड दाबलेलं असताना कान उघडे ठेवले होते.

सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. रिकामी लॅब. मी उभा, ते स्टुलावर.

"हां, तर. तू स्वतःला समजतोस कोण? एका माणसाची अख्खी सकाळ तू..."

शिपाई आला. "सर, ताला लगाना था."

"पाँच मिनट. हां, तर. तू स्वतःला समजतोस कोण? एका माणसाची अख्खी सकाळ तू गंमत म्हणून..."

पंकज मिठाईचा डबा घेऊन आला. सरांनी एक बर्फी घेतली, पूर्ण खाल्ली, हात पुसले. "हां, तर. तू स्वतःला समजतोस कोण?" आणि लाइट गेली. खरीखुरी, लखनौची. मग शिपायाने बाहेरून कुलूप वाजवलं आणि सर उठले.

दोन आठवड्यांनी मी पुण्याला आलो. ते बोलणं पूर्ण झालं नव्हतं, म्हणजे सरांच्याच नियमाने ते झालंच नव्हतं. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो.

परवा फोन आला. "कामात आहेस का?"

"नाही सर, बोला ना."

"घरात कोण आहे?"

"कोणी नाही सर."

"दार लाव."

लावलं.

"हां, तर. तू स्वतःला समजतोस कोण? एका माणसाची अख्खी सकाळ तू गंमत म्हणून पुसून टाकलीस. माझी नक्कल करतोस, कर. पण बटणाला हात लावायच्या आधी मी सगळ्या मशीनवर नजर टाकायचो, ती कशाला? कोणाचं काही अर्धं चालू नाही ना, हे बघायला. तुला वाटलं, ती माझी ऐट आहे. नाक उचललंस, मफलर उचललास, बघायचं तेवढं सोडलंस."

दाराची बेल वाजली. मी हललो नाही.

"अर्धी नक्कल म्हणजे काय ते मला कोणी सांगावं," सर म्हणाले. "आणि मी डावा पाय आधी टाकतो. झालं. एवढंच."